हातावरची पाच मिनिटं

माझा हात हलका आहे, असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. सुई टोचायची असो, थेंब मोजायचे असोत, की पिंजऱ्यातून उंदीर काढायचा असो, हाक मलाच. मला त्याचा भारी अभिमान होता. त्या अभिमानापायी एका बाईंची सात वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती, हे मात्र मी फार कमी जणांना सांगितलंय.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आमच्या तीन खोल्या होत्या. पहिलीत बाईंचं टेबल आणि त्यावर कागदांचा असा ढीग, की पलीकडे बाई आहेत की नाहीत ते वाकून बघावं लागे. दुसरीत काचसामान, बेसिन आणि एक म्हातारा फ्रिज. त्याचं दार कंबरेने ढकलल्याशिवाय लागत नसे. तिसरी खोली उंदरांची. पांढरे उंदीर, लाल डोळे, लाकडी भुशाचा वास, आणि उजेड सारखा राहावा म्हणून खिडकीवर चिकटवलेला खाकी कागद. माझं राज्य ते. तेवीस वर्षं केलं.

बाई म्हणजे आमच्या प्रमुख. उंच, काटकुळ्या. पेन्सिल केसात खोचायच्या आणि मग ती टेबलभर शोधायच्या. "पेन्सिल कुणी नेली?" असा आवाज आला, की मी न उठता सांगायचे, "डोक्यात बघा, बाई." दिवसातून तीनदा तरी. बाकी सगळ्या बाबतीत मात्र त्या करड्या होत्या. त्यांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. वहीत नाही, ते झालंच नाही. उंदीर शिंकला तरी वहीत नोंद हवी.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं होतं, "बाई, आपण नेमकं शोधतोय काय?"

दुसरं कुणी असतं तर चार पुस्तकं हातात दिली असती. बाई मला बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि त्यांनी नळ सोडला.

"हा नळ म्हणजे आपला मेंदू. दुखणं कमी करणारं एक द्रव्य तो स्वतः बनवतो. अफूच्याच जातीचं, पण घरचं."

"मग एवढं दुखतं कशाला माणसांना?"

"कारण ते टिकत नाही. शरीरात दोन विकरं असतात, दोन कात्र्याच म्हण. द्रव्य तयार झालं रे झालं, की कापून त्याचे तुकडे करतात. बघ, नळ चालू आहे, पण बेसिन भरतंय का? खाली भोक आहे ना! आता अफूपासूनची औषधं काय करतात? बाहेरून टँकर आणून ओततात. बेसिन भरतं, पण वाहतंही. घरभर पाणी. माणूस गुंगतो, पोट साफ होत नाही, श्वास मंदावतो, आणि हळूहळू टँकरशिवाय चालेनासं होतं." त्यांनी बेसिनच्या भोकावर अंगठा दाबला. पाणी चढू लागलं. "मला टँकर नको. मला फक्त हा अंगठा हवाय. त्या दोन कात्र्या धरून ठेवणारं औषध. घरचं घरात राहू दे."

मग नळ बंद करून, हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे वडील शेवटचे दोन महिने गुंगीत होते. दुखत नव्हतं त्यांना. पण मलाही ओळखत नव्हते."

पुन्हा कधी त्यांनी वडिलांचा विषय काढला नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते काम आपल्या घरचं वाटू लागलं.

माझं काम असं. एक धातूची तबकडी ठरावीक तापमानाला गरम करायची. चहाचा कप कान सोडून नुसता धरला तर जेवढा चटका बसेल, तेवढीच. उंदराला इंजेक्शन द्यायचं, थोडा वेळ थांबून त्याला तबकडीवर ठेवायचं आणि घड्याळ सुरू करायचं. त्याने मागचा पाय उचलून चाटला, की घड्याळ बंद आणि उंदीर बाहेर. जितके सेकंद जास्त, तितकं दुखणं कमी. तिसाव्या सेकंदाला मात्र काही झालं तरी उचलायचाच, त्याला इजा होता कामा नये. रोज सकाळी तबकडी तापली, की बाई आधी स्वतःचा तळहात तिच्यावर टेकवायच्या. "मला सोसतं तेवढंच त्यांना," म्हणायच्या. एकही सकाळ चुकली नाही. त्यांच्या उजव्या तळहाताची कातडी कायम लालसर असे. लोकांना वाटायचं, घरी स्वयंपाक फार करतात. त्यांना धड चहा येत नव्हता.

आता माझी चोरी सांगते. उंदरांचे लाड करायचे नाहीत, त्यांना नावं ठेवायची नाहीत, हाही बाईंचा नियम होता. नावं मी ठेवली नाहीत. पण पिंजऱ्यातून काढलेलं ते थरथरतं जनावर तसंच सुईसमोर धरायला माझं मन घेईना. म्हणून मी प्रत्येकाला आधी पाच मिनिटं डाव्या हातावर घ्यायचे. त्याचं तोंड माझ्या कोपराच्या घडीत, आणि उजव्या हाताचं एक बोट त्याच्या कानामागे. बोलायचेही. घरी सासूबाईंशी जे बोलता येत नसे ते सगळं मी उंदरांशी बोलले आहे. चौथ्या मिनिटाला उंदराचं अंग कसं सैल पडतं, ते अजून माझ्या हाताला आठवतं. मग इंजेक्शन, मग तबकडी. यातलं वहीत काही नाही. वहीत काम लिहायचं असतं. हे काम आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तर बाईंचं औषध अखेर तयार झालं आणि चाचणी सुरू झाली. दोन बाटल्या, क आणि ख. एकीत औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कशात काय ते कुणालाच ठाऊक नाही. त्याची चिठ्ठी पाकिटात बंद करून संचालकसाहेबांच्या खणात ठेवलेली. चार महिने मी रोज वेळ मोजली. क नऊ सेकंद, ख नऊ सेकंद. क साडेआठ, ख नऊ. बाई रोज संध्याकाळी वही बघायच्या आणि मिटायच्या. आकडे इतके नेटके येताहेत म्हणून मी मनातून खूश. त्या नेटकेपणाचा अर्थ काय होतो, ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पाणी आणि औषध यांत काहीच फरक नव्हता. सात वर्षांचं औषध पाण्याच्या भावात जात होतं.

तेवढ्यात माझ्या मुलीला गालगुंड झालं आणि मी दहा दिवसांची रजा घेतली. माझ्या जागी शेजारच्या प्रयोगशाळेतला एक संशोधक आला. आम्ही त्याला दांडगोबा म्हणायचो. तिशीचा, दाराएवढा रुंद, मनाने लोणी. हात मात्र फावड्यासारखे, आणि उंदरांना तो त्यांच्याहून जास्त घाबरायचा. कातड्याचे जाड हातमोजे घालून तो पिंजऱ्यात हात खुपसायचा, हाताला लागेल तो उंदीर धरायचा, आणि कधी एकदा हे संपतंय अशा घाईत सुई मारून तबकडीवर ठेवायचा.

मी परत आले तर त्याची वही टेबलावर उघडी. क अकरा, ख बावीस. क बारा, ख चोवीस. दहाही दिवस तेच.

मंगळवारी साहेबांनी आम्हां तिघांना खोलीत बोलावलं. शुक्रवारी समिती बसणार होती. बाईंचं काम पुढे चालू ठेवायचं की खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या, ते त्या दिवशी ठरणार होतं.

"एकाचा हात चुकतोय," साहेब म्हणाले. "कुणाचा ते तुम्ही ठरवा, आणि दुसऱ्याचे आकडे मांडा. यांचे मांडलेत तर काम चालू राहील." त्यांनी दांडगोबाकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळून म्हणाले, "ताईंचे मांडलेत तर... खोल्या आवरायला घ्या."

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "दोन्ही मांडीन."

"अहो, दोन्ही मांडलेत तर समिती एकावरही विश्वास ठेवणार नाही. हातात आलेलं घालवताय तुम्ही."

"तरी दोन्ही. चार महिन्यांची वही मी कपाटात कोंडून ठेवू?"

साहेबांनी हात टेकले. बाहेर आल्यावर दांडगोबा म्हणाला, "ताई, शप्पथ सांगतो, मी घड्याळ नीट दाबलं."

"मग मी काय चार महिने झोपा काढत होते?"

"पुरे!" बाई म्हणाल्या. "चुकलेला हात शोधणं सोपं असतं गं. तुम्हा दोघांचाही चुकलेला नाही, तेच मला छळतंय." त्यांची पेन्सिल केसातच होती, आणि त्या दिवशी त्यांनी ती शोधलीही नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

दुपारी दांडगोबा आपले हातमोजे न्यायला आला. जाता जाता मला मदत म्हणून पिंजऱ्याचं झाकण लावायला गेला आणि एक उंदीर निसटला. खोलीभर पळापळ. दांडगोबा स्टुलावर चढला. हो, दाराएवढा माणूस स्टुलावर! उंदीर लोखंडी कपाटाकडे धावला, मी त्याच्या मागे. कपाटात शिरू नये म्हणून मी दार धाडकन लोटलं, उंदीर कोपऱ्यात पकडला, कोटाखाली घेतला, शांत केला, पिंजऱ्यात ठेवला आणि कडी लावली. वळते तर दांडगोबा पांढराफटक.

"ताई, तुमचं बोट!"

करंगळी दारात चेमटली होती. नख काळं, कोटावर रक्त. आणि मला पत्ताच नव्हता. त्याने दाखवलं, मी बघितलं, आणि मग असं ठणकायला लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

बाईंनी मला बेसिनपाशी नेलं आणि बोट पाण्याखाली धरलं. "आत्ता दुखायला लागलं?"

"हो ना. उंदीर पकडेपर्यंत काहीच नाही."

"धावपळीत, भीतीत असंच होतं. तेवढा वेळ तुझा नळ पूर्ण सुटलेला होता. आता बंद झाला." त्या पट्टी बांधता बांधता अगदी सहज बोलल्या. त्यांचं चित्त शुक्रवारवर होतं.

मी मात्र बेसिनकडे बघत राहिले. नळ सुटलेला. नळ बंद. भोकावर अंगठा दाबून ठेवला, पण नळच बंद असेल तर? बेसिन कुठून भरणार?

दांडगोबाचे उंदीर भेदरलेले. माझे उंदीर सैल, निवांत, कोपरात तोंड घातलेले. त्यांचा नळ मी स्वतः, माझ्या हलक्या हाताने, रोज पाच मिनिटं घालवून बंद करत होते.

मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. नाही बोलले. पट्टी बांधून घेतली आणि घरी गेले. चार महिने मी वहीत न लिहिता काहीतरी करत होते, हे त्या बाईंना सांगायचं कसं, याचाच विचार वाटभर करत होते.

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "काय गं, बोटाला लागलं म्हणून एवढं तोंड उतरलंय?"

मी सगळं सांगितलं. कधी नव्हे ते. सांगता सांगता हेही निघून गेलं, की मी उंदरांशी बोलायचे, आणि बहुतेक त्यांच्याबद्दलच.

"माझ्याबद्दल? काय बोलायचीस?"

"काही नाही हो. तुमच्या चहात साखर फार असते, असलं काहीतरी."

"उंदरांना काय कळतंय चहातलं!" त्या फणकारल्या. मग हातातली जुडी खाली ठेवली. "सांगून टाक उद्या. बोट तसंही ठणकतंय, त्यात बोलणी खाल्लीस तर वेगळं काय दुखणार आहे? आणि त्या बाई वाईट नाहीत. माझ्याइतक्या तर नक्कीच नाहीत."

बुधवारी सकाळी बाई तबकडीवर तळहात टेकवत होत्या, तेव्हाच मी सांगितलं. एका दमात, कोपराच्या घडीपासून कानामागच्या बोटापर्यंत. फक्त सासूबाईंचा भाग गाळला.

बाईंचा चेहरा आधी लाल झाला. "चार महिने! रोज! आणि वहीत एक ओळ नाही?"

"मला ते काम वाटलं नाही, बाई."

"मग काय वाटलं?"

"माया."

बाईंचा हात अजून तबकडीवरच होता. मी म्हटलं, "बाई, हात काढा." त्यांनी काढला, स्टुलावर बसल्या, माझ्याकडे बघितलं, बेसिनकडे बघितलं, आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सात वर्षं मी लोकांना नळ दाखवतेय," त्या म्हणाल्या, "आणि तो चालू आहे की नाही, हे एकदाही तपासलं नाही! अगं, माझं औषध स्वतःचं काही आणतच नाही. घरात असेल तेवढंच राखतं. तुझ्या उंदरांपाशी राखण्यासारखं काही नव्हतंच. पेन्सिल कुठाय माझी?"

"डोक्यात."

दोन दिवस आमच्या खोलीत नुसती झुंबड होती. माझ्या हातावर निवांत झालेले उंदीर, आणि दांडगोबाच्या हातमोज्यांनी भेदरलेले. पण बाईंना तेवढंही पुरेना. हात कुणाचा, हा प्रश्नच उरायला नको म्हणून त्यांनी आमची अदलाबदल केली. मी हातमोजे घालून धसमुसळेपणा करायचा, आणि दांडगोबाने माया. मी त्याला शिकवलं. "डावा हात असा धर. त्याचं तोंड घडीत जाऊ दे. बोट कानामागे. आणि काहीतरी बोल."

"काय बोलू, ताई?"

"घरी जे बोलता येत नाही ते."

तो विचारात पडला, आणि मग कुजबुजत उंदराला सांगू लागला, की बायकोला न विचारता त्याने नोकरीसाठी दुसरीकडे अर्ज केलाय. त्याच्या फावड्याएवढ्या हातावर ते पांढरं जनावर चौथ्या मिनिटाला सैल पडलं. दांडगोबाच्या तोंडावर जे आश्चर्य होतं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यानंतर त्याने ते हातमोजे प्रयोगापुरतेच घातले.

शुक्रवारी समितीपुढे बाईंनी सगळ्या वह्या मांडल्या. माझे चार महिने, त्याचे दहा दिवस, आणि ते शेवटचे दोन दिवस. निवांत उंदरांत क आणि ख सारखे, मग हात माझा असो की त्याचा. भेदरलेल्यांत ख दुप्पट, तेही कुणाच्याही हाताने. मग साहेबांनी पाकीट फोडलं. ख म्हणजे औषध.

समितीतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे ज्याला काही होत नाही त्याला हे औषध दिलं, तर काहीच करणार नाही?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "जिथे शरीर आधीच झगडतंय, तिथेच ते मदतीला उभं राहतं. तबकडीवरचा चटका क्षणाचा असतो; खरं, टिकणारं दुखणं आलं की नळ आपोआप सुटतो, आणि मग अंगठा कामाला येतो. चार महिने मी याला औषधाचा दोष समजत होते."

"आणि हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

मी मागच्या खुर्चीवर बसले होते. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई वळल्या आणि सरळ माझ्याकडे हात केला. "माझ्या नाही, या ताईंच्या लक्षात आलं. नियम यांनी मोडला, ते लपवलंही यांनीच, आणि स्वतः होऊन सांगितलंही यांनीच. मला तिन्हींचा उपयोग झाला."

काम चालू राहिलं. खोल्या आमच्याच राहिल्या. सोमवारी मी आले तेव्हा बाईंनी नव्या वहीत पट्टीने एक जास्तीचा रकाना आखून ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'हाताळणी'. मी त्यात रोज लिहायचे. पाच मिनिटं, डावा हात.

ते औषध दुकानात काही आलं नाही. तोंडावाटे दिलं की पोटातच मोडून जायचं, मेंदूपर्यंत पोचायचं नाही. बाईंनी पुढची अकरा वर्षं त्यातच घातली आणि निवृत्त झाल्या. हरल्या, असं मात्र मला कधी वाटलं नाही. ज्या वाटेने त्या गेल्या त्या वाटेने अजून माणसं जाताहेत, असं दांडगोबा सांगतो. आता तोही साहेब आहे. उंदीर हातावर कसा घ्यायचा ते नव्या माणसांना स्वतः शिकवतो म्हणे.

गेल्या वर्षी बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेले. अगदी मूठभर झाल्या होत्या. नर्स येऊन विचारून गेली, दुखणं दहापैकी किती? बाई म्हणाल्या, "सात," आणि गोळी मात्र अर्धीच घेतली. तुला ओळखता यायला हवं ना, म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून त्यांचा उजवा तळहात हातात घेतला. तो लालसरपणा अजून होता. बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून सासूबाईंच्या चहाबद्दल सांगितलं, त्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली ते सांगितलं, आणि ते सगळं मी तेव्हा उंदरांशी बोलायचे हेही. एवढं एक सांगायचं राहिलं होतं. बाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला, तसाच, चौथ्या मिनिटाला पडतो तसा.

"शांत नको करूस गं मला," त्या डोळे न उघडता पुटपुटल्या. "नळ बंद होईल."

"होऊ दे."

मग ओठ पुन्हा हलले. मी कान जवळ नेला.

"वहीत लिहिलंस का?"

पिशवीत वही नव्हती. औषधांच्या यादीचा कागद होता, तो उलटा केला. पेन्सिल त्यांच्या उशाशीच होती. मी लिहिलं, पाच मिनिटं, उजवा हात, आणि त्यांना वाचून दाखवलं.